खेळणी शाबूत, पोपट उद्ध्वस्त

पोपटाच्या पिंजऱ्यातली खेळणी महिनाभरानंतरही दुकानातून आणल्यासारखी चकचकीत दिसत असतील, तर त्या घरात पोपट पाळलेला नाही, कोपरा सजवलेला आहे. हे मी लोकांच्या तोंडावर सांगतो, म्हणून पक्षी पाळणाऱ्यांच्या घरी मला दुसऱ्यांदा चहाला कुणी बोलवत नाही. न बोलवोत. पण पहिल्या चहाला जे दिसतं, ते लिहायला मी मोकळा आहे.

मध्यंतरी एका घरी सन कॉन्यूर पाहिला. पिवळाजर्द, देखणा पक्षी. पिंजरा गणपतीच्या मखरासारखा नटवलेला: आरसा, रंगीत प्लॅस्टिकची शिडी, घुंगरांची माळ, झुला, मऊ कापडाची झोपडी, वर चिनी कंदिलासारखं काहीतरी लोंबणारं. आणि त्या सगळ्या थाटात पक्ष्याला धड पंख पसरायला जागा नाही. नाकापेक्षा मोती जड.

"काका, याला काही म्हणजे काही कमी नाही," घरमालक कौतुकानं म्हणाले.

"दिवसभर करतो काय?"

"करायचंय काय त्याला? बसतो की छान."

छान बसलेल्या त्या पक्ष्याच्या छातीवर पिसंच नव्हती. नुसती राखाडी कातडी. "उन्हाळ्यामुळे गळतात," हे त्यावरचं स्पष्टीकरण. डोक्यावरची पिसं मात्र जागच्या जागी, एकूण एक. उन्हाळा फक्त छातीलाच लागतो की काय? पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. छाती उघडी आणि डोकं शाबूत दिसलं, की पक्षी स्वतःची पिसं स्वतःच उपटतो आहे असं समजावं. आजारानंही असं होतं, म्हणून आधी पक्ष्यांचा डॉक्टर गाठायचा. पण डॉक्टरांनी आजार नाही म्हटलं, तर दोष कुठे शोधायचा? त्याच मखरात.

रानातल्या पोपटाला रिकामा वेळ नसतो. पोर्तो रिकोच्या जंगलातले अॅमेझॉन पोपट दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यात घालवतात. शेंग सोलायची, साल फोडायची, फांदीला उलटं लोंबकळून फळ काढायचं. पिंजऱ्यातल्याला आपण सोललेलं, चिरलेलं वाटीत आणून देतो. तासाभरात जेवण आटोपतं आणि उरलेला दिवस अंगावर येतो. ती चोच फोडण्यासाठी घडलेली आहे. फोडायला काही मिळालं नाही, की ती स्वतःच्या अंगाकडे वळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००३ साली हेच दाखवून दिलं. ज्या तरुण अॅमेझॉन पोपटांना अन्न शोधून, उकरून काढायची सोय आणि चढायला-लोंबायला निरनिराळ्या वस्तू दिल्या, त्यांची पिसं शाबूत राहिली. ज्यांना यातलं काही नव्हतं त्यांनी ती उपटली. पुढे त्यांनाही तीच सोय करून दिली, तेव्हा त्यांची पिसं सुधारली. खेळणं म्हणजे पोपटाचं काम. ते हिरावून घेऊन त्याच्यासमोर शोभेच्या वस्तू टांगणं हा शुद्ध दांभिकपणा आहे.

आता त्या शोभेच्या वस्तूंचा हिशेब करू. आरसा: एकटा ठेवलेला बजी आरशातल्या पोपटाला जोडीदार समजतो आणि पोटातलं अन्न ओकून काचेला भरवत बसतो. घरची मंडळी त्याचा व्हिडिओ काढतात आणि "किती गोड" म्हणतात. मऊ झोपडी: पोपटाला ती घरट्याची ढोली वाटते. एकटी मादीसुद्धा अंडी घालायला लागते, अंडं अडकलं तर जीव जातो, आणि कापडाचे तंतू पोटात जातात ते वेगळंच. घुंगरू: त्याच्या फटीत बोट अडकतं. स्वस्तातली घंटा आणि मुलामा दिलेली साखळी: चोचीनं चघळताना जस्त किंवा शिसं पोटात जातं आणि दोन्ही धातू पक्ष्याला विष. सुती दोर: ताजा असेपर्यंत ठीक, पण सुटलेले धागे पायाला करकचून आवळतात. दुकानदाराला यातलं काही विचारा, तो म्हणेल, "सगळे हेच नेतात." अहो, सगळे नेतात म्हणून तर ही वेळ आली!

मांडणीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. सगळ्यात वरची दांडी पक्ष्याच्या झोपेची. तिथे अंगाला लागेल असं काही टांगायचं नाही. पाण्याच्या आणि खाण्याच्या वाट्यांवर ना दांडी हवी, ना खेळणं, नाहीतर विष्ठा थेट जेवणात पडते. दोन्ही पंख पूर्ण उघडून पक्षी एका दांडीवरून दुसरीवर जाऊ शकेल, एवढी वाट मोकळी ठेवायची. ती उरत नसेल तर खेळणी कमी करा, आणि तरीही उरत नसेल तर पिंजरा बदला. दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नकोत. त्यांनी तळपायाला फोड येतात. कमीजास्त जाडीच्या खडबडीत फांद्या घाला, मात्र कण्हेरीसारख्या विषारी झाडाच्या नकोत आणि औषध फवारलेल्या झाडाच्याही नकोत. अडकवायला किल्ल्यांची रिंग किंवा स्प्रिंगचा हूक वापरू नका, चोच त्यात फसते. स्क्रूनं बंद होणारी स्टीलची कडी घ्या. नवं खेळणं एकदम आत कोंबायचं नाही. दोन-चार दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल असं ठेवायचं. पोपट नव्याला घाबरतो. आणि मांडणी अधूनमधून बदलायची. कायम तेच ते टांगलेलं त्याला दिसेनासं होतं, आपल्याला भिंतीवरचं जुनं कॅलेंडर दिसेनासं होतं तसं.

एकच खेळणं सगळ्यांना चालत नाही, हेही लोकांच्या डोक्यात शिरत नाही. कॉकटिएल सहसा पायात वस्तू धरून खात-खेळत नाही; त्याला कागद कुरतडू द्या, ताटलीत दाणे लपवून द्या. लव्हबर्डची मादी कागदाच्या सरळ पट्ट्या कापते आणि त्यातल्या काही जातींत त्या पाठीच्या पिसांत खोचून नेते; तिला कागदच हवा. आफ्रिकन ग्रेला गाठी, पेच, उघडायच्या डब्या द्या. अॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेनं रंग, आकार आणि सहापर्यंतचे अंक ओळखून दाखवले होते. तो २००७ मध्ये गेला. त्याच्या जातभाईला आपण प्लॅस्टिकची शिडी देतो!

"पण हो, तो सगळं फोडून टाकतो, पैसे वाया जातात," ही तक्रार मी मकावसाठी लाखाच्या घरात पैसे मोजलेल्या माणसाकडून ऐकली आहे. फोडण्यासाठीच तर द्यायचं! आणि पैसे कोणी मागितले? प्लॅस्टिकचा थर नसलेली पत्रावळ घ्या, आत चार दाणे ठेवून घडी घाला, काडीनं टोचून अडकवा. कॉन्यूर ती एका पायात धरतो, कडेनं एक-एक पट्टी फाडतो, फेकतो, मान वाकडी करून आत डोकावतो, पुन्हा फाडतो. खाली कचऱ्याचा ढीग पडतो. तो कचरा म्हणजे तुमच्या पक्ष्याचा सत्कारणी लागलेला दिवस. ज्वारीचं अख्खं कणीस, मक्याची सोपटं, शेवग्याची शेंग, घासून स्वच्छ केलेली करवंटी, बांबूचे तुकडे, कागदी द्रोण: मंडईत आणि स्वयंपाकघरात यातलं काय मिळत नाही? पण हे फोटोत चांगलं दिसत नाही. खरी अडचण तीच.

आणि ज्यांच्या गॅलरीत गोल पिंजऱ्यात आपला हिरवा राघू आहे, त्यांनी या लेखातून खेळण्यांची यादी उतरवून घेऊ नये. राघू असो की करण पोपट, भारतीय पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आजोबांच्या काळापासून घरात विठू आहे म्हणून तो गुन्हा माफ होत नाही. त्याला मिरची नको, झुला नको, वन विभागाला फोन हवा. परस्पर सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर टिकतोच असं नाही.

बाकीच्यांनी विदेशी पक्षी हौसेनं घेतला असेल, तर त्याची रीतसर नोंदणी लागते का ते पाहा आणि त्याला रोज काम द्या. रविवारी पिंजऱ्यासमोर उभे राहा. आठवडाभर जे चोच न लागता जसंच्या तसं राहिलं असेल, ते काढून टाका. ते तुमच्यासाठी होतं.