दाखल्याच्या रांगेत सोबत कोण?

शिष्यवृत्ती दिली की गरिबाचे मूल कॉलेजात पोचते, असे आपण धरून चालतो. मी सरकारी कारकून. मला हे पटत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अर्जाची शेवटची तारीख... घरात कोणीच शिकलेले नसले की मूल इथेच अडते.

भोपाळची ‘मुस्कान’ ही संस्था वस्त्यांतल्या पारधी, गोंड मुलांना शिकवते. 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. 1952 साली तो कागदावरून गेला, लोकांच्या मनातून नाही. अशा मुलाला पैशांइतकीच पाठीशी उभी राहणारी माणसे लागतात.

आपल्याला हे नवे नाही. पूर्वी गोव्याची मुले मुंबई-बेळगावला ओळखीच्यांच्या घरी राहून शिकली. पण तो आधार बहुधा जातभाईंचा. ज्याचा एकही जातभाई कॉलेजात पोचला नाही, त्याने कोणाचे दार ठोठवावे? भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकाच वसतिगृहात ठेवले, तेच याचे उत्तर.

आपल्या वाड्यावर असे एखादे मूल असेलच. त्याचा अर्ज भरून द्या, मामलेदार कचेरीत त्याच्यासोबत या. देणगीची पावती नंतर फाडली तरी चालेल.