दोष मिनिटांचा नव्हे, घाईचा

एनबीए या बास्केटबॉल लीगमधला एखादा तारा जायबंदी झाला की निकाल आधीच ठरलेला असतो : प्रशिक्षकाने त्याला राबवून घेतले. ८२ सामन्यांची साखळी, कधी लागोपाठ दोन रात्री सामने, वर प्लेऑफचे दोन महिने. मग शरीर कुरकुरणारच! याच तर्कातून धडधाकट खेळाडूला बाकावर बसवायची ‘लोड मॅनेजमेंट’ रूढ झाली.

पुरावा म्हणून डेरिक रोझचे नाव हमखास पुढे केले जाते. २८ एप्रिल २०१२ रोजी शिकागो बुल्स १२ गुणांनी पुढे होते, दीड मिनिटाहून कमी खेळ उरला होता, आणि रोझच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी त्याला आधीच बाहेर का काढले नाही, हा सवाल रास्तच. पण आरोपपत्रातून एक बाब गाळली जाते. त्या आखूड हंगामात ६६ पैकी अवघे ३९ सामने रोझ खेळला होता. बाकीच्यांत दुखापतींनी त्याला बसवून ठेवले होते. कावाय लेनर्डला तर क्लिपर्सनी जपून वापरले. तरी २०२१च्या प्लेऑफमध्ये त्याचाही गुडघा गेलाच.

मग कितीही खेळा, काही होत नाही, असे म्हणायचे का? मुळीच नाही. युटा जॅझकडून १८ हंगामांत कार्ल मलोनचे फक्त १० सामने हुकले, हा दाखला आवडीने दिला जातो. पण जे टिकले तेच भरपूर खेळलेले दिसतात; मोडलेले हिशेबात येतच नाहीत. विश्रांतीने दुखापती घटल्याचे दिसत नाही, हा लीगचा २०२४चा अहवालही जपूनच वाचावा. तारे मैदानात दिसण्यातच लीगचा धंदा आहे.

खरा गुन्हेगार दुसराच आहे : दुखापत भरण्याआधी परतण्याची घाई. ८ मे २०१९ रोजी केव्हिन ड्युरंटची उजवी पोटरी दुखावली. महिनाभर तो बाहेर होता. १० जूनला फायनलच्या पाचव्या सामन्यात संघाची पत पणाला लागली आणि तो परतला. दुसऱ्याच क्वार्टरमध्ये त्याच पायाची अकिलिस कंडरा तुटली. २०२५च्या फायनलमध्ये टायरीस हॅलिबर्टनचे तेच झाले : पाचव्या सामन्यात उजवी पोटरी दुखावली, सातव्यात त्याच पायाची अकिलिस तुटली. पोटरीचे स्नायू खाली याच कंडरेला जोडलेले असतात. पोटरी पुरती भरून आलेली नसताना झेप घेतली की सगळा ताण कुठे जाणार?

दुसरा धोका एकाएकी वाढलेल्या भाराचा. सवयीचा भार शरीर पेलते, अचानक चढवलेला सोसत नाही, असे क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट यांनी २०१६मध्ये मांडले. एप्रिल २०१३मध्ये लेकर्सना प्लेऑफ गाठून देण्यासाठी ३४ वर्षांचा कोबी ब्रायंट जवळजवळ सगळा वेळ मैदानात होता. पोर्टलंडमध्ये त्याने पूर्ण ४८ मिनिटे खेळून ४७ गुण काढले. दोनच दिवसांनी त्याची अकिलिस तुटली. एकट्या भारावर खापर फोडता येणार नाही, पण तो निर्दोषही नव्हे.

तेव्हा नोव्हेंबरात धडधाकट ताऱ्याला बसवून तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला फसवू नका. जूनमध्ये दुखरी पोटरी घेऊन निघालेल्याला मात्र अडवा, आणि तो अधिकार प्रशिक्षकाला किंवा मालकाला नव्हे, ज्याला चषकाशी देणेघेणे नाही अशा डॉक्टरला द्या. खेळाडू स्वतः ‘खेळतो’ म्हणाला तरीही.