सगळंच काही युनिटरी नसतं!

"अरे, सगळ्या आयगेनव्हॅल्यू १ आहेत. स्टेबल आहे ते. बग दुसरीकडे शोध."

हे वाक्य माझ्या एका मित्राचं. मी त्यावर मान डोलावली, हे त्याहून वाईट. फोनमधल्या सेन्सरवरून फोन खोलीत कुठे आहे ते काढायचं, असा आमचा शनिवार-रविवारचा हौशी उद्योग चालला होता. फोन टेबलावर गपगार पडलेला, आणि स्क्रीनवरचा ठिपका मात्र निघाला फिरायला! दोन दिवस बग शोधला. बग कोडमध्ये नव्हताच, आमच्या डोक्यात होता.

तो तिथे शिरला एका वाक्यामुळे: "योग्य बेसिस घेतला की प्रत्येक रिप्रेझेंटेशन युनिटरी होतं." नोट्समध्ये हे चौकटीत लिहिलेलं असतं. त्याच्या आधीचे "ग्रुप फायनाइट असेल तर" हे चार शब्द परीक्षेच्या आदल्या रात्री गळून पडतात. माझं आजचं भांडण या गळतीशी आहे.

आधी त्या वाक्याची बाजू नीट मांडतो, नाहीतर भांडायला मजा नाही. रिप्रेझेंटेशन म्हणजे ग्रुपच्या प्रत्येक घटकाला एक मॅट्रिक्स द्यायची, अशी की घटकांचा गुणाकार आणि मॅट्रिक्सचा गुणाकार जुळला पाहिजे. युनिटरी मॅट्रिक्स म्हणजे लांबी न बदलणारी. आता समभुज त्रिकोणाच्या सिमेट्री घ्या, एकूण ६. तुमची मोजपट्टी वाकडी असली तरी हरकत नाही. सहाही हालचालींनंतर लांबीचा वर्ग मोजा, बेरीज करा, ६ने भागा. ही सरासरी म्हणजेच नवी मोजपट्टी, आणि तिला सहाही हालचाली सारख्याच. झालं, सगळं युनिटरी! युक्ती सुंदर आहे, वादच नाही.

पण ती उभी आहे त्या "६ने भागा"वर. ग्रुप अनंत असला तर कशाने भागणार?

सगळ्यात साधा अनंत ग्रुप म्हणजे पूर्णांक आणि बेरीज. एन या पूर्णांकाला अशी मॅट्रिक्स द्या: पहिली ओळ १, एन, दुसरी ओळ ०, १. दोन मॅट्रिक्स गुणल्या की कोपऱ्यातल्या एनची बेरीज होते, म्हणजे रिप्रेझेंटेशन चोख आहे. आयगेनव्हॅल्यू दोन्ही १. आता (०, १) हा व्हेक्टर घ्या. एन पावलांनी तो (एन, १) होतो आणि त्याच्या लांबीचा वर्ग होतो एन वर्ग अधिक १. सरासरी काढायला जितके जास्त एन घ्याल तितकी ती फुगत जाते. बेसिस कुठलाही घ्या, ही वाढ लपत नाही.

ही मॅट्रिक्स ओळखीची वाटली का? नवी जागा बरोबर जुनी जागा अधिक वेग गुणिले वेळ. शाळेतलं पहिलं समीकरण! आणि आमच्या कोडमधली ओळही हीच. वेगात सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर चूक राहिली, तर तासाभरात ठिपका ३६ मीटर लांब. आयगेनव्हॅल्यू बिचाऱ्या १च.

आणखी एक गोष्ट इथे मोडते. फायनाइट ग्रुपचं रिप्रेझेंटेशन नेहमी सुट्या तुकड्यांत वाटता येतं. इथे ते जमत नाही. जागा वेगावर अवलंबून, वेग जागेवर नाही. एक दिशा स्वतःत राहते, पण तिला जोडीदार म्हणून तशीच दुसरी दिशा सापडत नाही. कॅरॅक्टर टेबलला हे दिसतच नाही: दोन सुटे १ आणि ही चिकटलेली जोडी, दोघांचा ट्रेस २च.

आता काही जण म्हणतील, "ठीक आहे, अनंत ग्रुप वाईट. पुढे बोल." थांबा, हीसुद्धा घाईच. त्रिमितीतली रोटेशन अनंत आहेत, तरी ती शहाण्यासारखी वागतात, कारण तो ग्रुप कॉम्पॅक्ट आहे. तिथे बेरजेऐवजी इंटिग्रल घेता येतं आणि सरासरी पुन्हा चालते. हरमन वाइलने १९२५च्या सुमारास याच जोरावर केवढी इमारत उभी केली! आणि पूर्णांकांच्याच ग्रुपला एन पट कोनाचं रोटेशन दिलं, तर तेही युनिटरीच. म्हणजे एकाच ग्रुपला दोन्ही प्रकारची रिप्रेझेंटेशन असतात. मॅट्रिक्स फायनाइट आकाराच्या असतील तर खरी कसोटी एकच: सगळ्या ग्रुपभर त्यांचे आकडे एका मर्यादेत राहतात का? राहिले, तर युनिटरी करता येतात. नाही राहिले, तर नाही.

यावर नेहमीचा बचाव असा: "क्रिस्टल, रेणू, स्पिन एवढ्यात काम भागतं. विद्यार्थ्याला उगाच कशाला घाबरवायचं?" क्रिस्टलच्या पॉइंट ग्रुपपुरतं मान्य. पण रिलेटिव्हिटी आली की काय कराल? प्रकाशाच्या ६० टक्के वेगाचा बूस्ट घ्या. काळ आणि एक दिशा मिळून मॅट्रिक्स होते १.२५, ०.७५ आणि खाली ०.७५, १.२५. आयगेनव्हॅल्यू २ आणि ०.५. तोच बूस्ट दहादा लावला की पहिली होते १०२४. ही युनिटरी होणं शक्यच नाही.

मोठी मॅट्रिक्स घेऊनही सुटका नाही. डिटरमिनंट १ असलेल्या २ बाय २ मॅट्रिक्सचा ग्रुप बघा. लॉरेन्ट्झ ग्रुपमागे याचीच कॉम्प्लेक्स आवृत्ती उभी असते. त्यात आपली वरची कोपऱ्यात आकडा असलेली मॅट्रिक्स आहे, फक्त आता आकडा कुठलाही चालतो, त्याला टी म्हणू. कर्णावर ए आणि १/ए असलेल्या मॅट्रिक्सने तिला दोन्हीकडून, म्हणजे एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने तिची इन्व्हर्स, असं गुणलं की टीचा होतो ए वर्ग गुणिले टी. म्हणून कुठल्याही रिप्रेझेंटेशनमध्ये सगळ्या धन टींच्या आयगेनव्हॅल्यू सारख्या. टी शून्याकडे नेला की मॅट्रिक्स आयडेंटिटीकडे जाते, म्हणजे त्या सगळ्या १. आणि युनिटरी मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू १ असल्या तर ती आयडेंटिटीच! थोडक्यात, फायनाइट आकारात युनिटरीचा हट्ट धरला की हाती उरतं ते काहीच न करणारं रिप्रेझेंटेशन.

मग निसर्ग काय करतो? दोन्ही वापरतो. डिरॅकच्या १९२८च्या समीकरणातले चार घटक बूस्टखाली नॉनयुनिटरी ४ बाय ४ मॅट्रिक्सने बदलतात. म्हणून प्रोबॅबिलिटी बिघडते का? नाही. ती ज्या अवस्थांच्या अवकाशात मोजतात तो अनंत मितींचा आहे, आणि तिथलं रिप्रेझेंटेशन युनिटरी आहे. विग्नरने १९३९ साली हेच वर्गीकरण मांडलं. पुढे १९४७ साली बार्गमन, गेलफांड-नायमार्क आणि आपला हरीश-चंद्र, सगळे लॉरेन्ट्झ ग्रुपच्या अनंत मितींच्या रिप्रेझेंटेशनवर लिहीत होते. बंगलोरला होमी भाभांबरोबर काम करून हरीश-चंद्र केंब्रिजला डिरॅककडे गेला, आणि त्याचा प्रबंध याच विषयावर होता. ज्या गळक्या वाक्यावर आपण मार्क मिळवतो, ते खरं असतं तर या माणसाला करायला काही उरलंच नसतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. चौकटीत प्रमेय लिहिताना अटही चौकटीच्या आत लिहा, आणि शेजारी ती १, एन, ०, १ वाली मॅट्रिक्स काढा. दोन मिनिटांचं काम आहे. नॉनयुनिटरी म्हणजे बिघडलेलं, असं मात्र शिकवू नका. चालत्या गाडीतून बाहेरचं जग बघणं हेच मुळी नॉनयुनिटरी आहे.

आमचा ठिपका अजून फिरतोच आहे. पण आता कुणी "आयगेनव्हॅल्यू १ आहेत" म्हणालं, की मी विचारतो: वाढ मोजलीस का?