निदानाची ओळ मोजा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


देवळा तालुक्यातला माणूस नजरेच्या दिव्यांग दाखल्यासाठी निघतो तो सकाळच्या एसटीने, नाशिकच्या नाहीतर मालेगावच्या रुग्णालयाकडे. सोबत घरचे कोणी लागतेच, म्हणजे एका खेपेत दोघांची मजुरी बुडते. परतल्यावर गाव एकच विचारते, "किती टक्के बसले?" चाळीस बसले तर एसटीची सवलत आहे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आहे. नजर कशाने गेली, हे कोणी विचारत नाही.

दाखल्यावर टक्क्यांसोबत निदानही लिहिलेले असते. नेत्रतज्ज्ञ ते लिहितात, आणि माझे मागणे त्या एका ओळीपासून सुरू होते.

2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा 66.2 टक्के निघाला. दाखल्याच्या रांगेचे चित्र मात्र वेगळे असते. तिथे टक्के ठरतात ते उपचारानंतर, चष्मा लावूनही जी नजर उरते तिच्यावर. मोतीबिंदूवाल्याला आधी शस्त्रक्रियेला पाठवतात. मागे राहतात ते रातांधळेपणापासून हळूहळू दृष्टिपटल निकामी होत गेलेले, कधी एकाच घरातले दोघे भाऊ, आईवडिलांचे लग्न नात्यातले. डोळ्याची नस सुकलेले. लहानपणी चष्मा न मिळाल्याने ज्यांचा डोळा आळशीच राहिला असे. आणि बुबुळावर फूल पडलेले.

या फुलाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण ते आमच्या शेतात पडते. आमचा कसमादे पट्टा डाळिंबाचा. छाटणी करताना काटेरी फांदी उलटून डोळ्यावर बसते. मका काढताना पात लागते. माणूस पाण्याचा हबका मारतो आणि कामाला लागतो. दोन दिवसांनी डोळा लाल झाला की मेडिकलमधून थेंब आणतो. त्यात स्टेरॉइड असले आणि जखमेत बुरशी शिरलेली असली, तर व्रण झपाट्याने पसरतो. पुढे फूल पडते. दुसरा डोळा चांगला असेल तर नियमाने त्याला फार तर 30 टक्के मिळतात, म्हणजे चाळीसची सवलत हाती येत नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, आणि याच माणसाला रात्रीच्या विजेवर पाणी भरायला विहिरीच्या काठाने जायचे असते.

हे फूल टाळता येते. नेपाळमध्ये भक्तपूर जिल्ह्यात गावातल्या कार्यकर्त्यांनी बुबुळ खरचटलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. ज्यांना ते जखमेनंतर 18 तासांच्या आत मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. याला मोठे यंत्र लागले नाही, वेळेवर घरापाशी पोचलेली बाई किंवा गडी लागला.

साहेब, अर्जदारांची नावे झाकून दरवर्षी तालुकावार यादी काढा: किती जणांची नजर कशाने गेली, कोणत्या वयात गेली. चाळीसच्या खाली राहिलेलेही त्यात मोजा, कारण शेतात गेलेले डोळे तिथेच सापडतील. जिथे आळशी डोळे जास्त, तिथे अंगणवाडीतच नजर तपासा.

पण यादीची वाट पाहण्यासारखे सगळेच नाही. नेत्रतज्ज्ञांना विचारून, डाळिंबाची पुढची छाटणी सुरू होण्याआधी ते मलम देवळ्यातल्या आशाताईंच्या पिशवीत द्या.

आपला,
देवळ्याचा एक रहिवासी