एसी लोकल वाढल्या, फेऱ्या तेवढ्याच; कसारा मार्गाच्या पदरात काय?

शहापूर : मध्य रेल्वेवर एसी लोकल वाढल्याची बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच फोटो फिरायला लागतात. चकाचक गाडी, आपोआप बंद होणारे दरवाजे आणि खाली 'प्रवाशांना मोठा दिलासा'. दिलासा कुठल्या प्रवाशांना, हे काही त्या बातमीत नसतं. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा इथून रोज ठाणे-मुंबई गाठणाऱ्या माणसाला या नव्या गाड्यांनी काय दिलं आणि काय नेलं, हा हिशोब कुणी मांडत नाही.

हिशोबाची सुरुवात एका आकड्यापासून करू. तो आकडा १८१०. एप्रिल २०२५ मध्ये मध्य रेल्वेच्या मेन, हार्बर, ट्रान्सहार्बर आणि उरण मार्गावर मिळून दिवसाला एवढ्या लोकल फेऱ्या धावत होत्या. १६ एप्रिल २०२५ पासून मेन लाइनवर १४ एसी फेऱ्या वाढवल्या. एसी फेऱ्या ६६ होत्या, त्या ८० झाल्या. आता एकूण फेऱ्या किती व्हायला पाहिजेत? १८२४. प्रत्यक्षात राहिल्या १८१०च. म्हणजे १४ साध्या लोकल बंद करून त्याच वेळेला एसी गाडी लावली. रविवारी आणि सुट्टीला त्याच वेळेला परत साधी गाडी धावते. याचा अर्थ गाडी नवी आली तरी फेरी जुनीच, फक्त तिच्यातला माणूस बदलला.

रेल्वेने मुद्दाम असं केलं असं म्हणणं बरोबर नाही. त्यांचीही अडचण आहे. भातसा कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच समजेल. कालवा भरून वाहतोय, सगळ्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. आता नवा माणूस आला आणि म्हणाला मलाही पाळी द्या, तर कुणाची तरी पाळी कापल्याशिवाय ती देता येत नाही. लोकलचे रूळही तसेच भरलेत. सकाळी कल्याण ते सीएसएमटी दर तीन-चार मिनिटांना एक गाडी सोडतात, त्यामध्ये आणखी एक घुसवायला जागा नाही. मग जुनीची पाळी नवीला.

आणि कालव्यावर पाणी कमी पडलं की आधी कुणाला बसतं? टेलच्या शेतकऱ्याला. हेडवाल्याला बसत नाही. कसारा म्हणजे या लाइनचं टेल आहे. सीएसएमटीपासून १२० किलोमीटर, जायला अडीच तास.

डोंबिवलीच्या प्रवाशाची साधी लोकल रद्द झाली तर तो चिडतो, शिव्या देतो, पण पाच मिनिटांत त्याला दुसरी मिळते. गर्दी असते, लटकावं लागतं, ते खरं आहे. पण गाडी मिळते. आपल्याकडं एक कसारा गाडी चुकली तर दुपारच्या वेळेला तास-दीड तास बसून राहा. त्यामुळं दहा गाड्या बदलल्या असं कागदावर लिहिलं की ठाण्यात त्याचा अर्थ वेगळा आणि खर्डीत वेगळा. वेळापत्रक करणाऱ्याला दोन्ही ठिकाणी एकच फेरी दिसते.

एसी गाड्या कल्याण, बदलापूर, टिटवाळा अशा भागात जास्त धावतात, मग आपल्याला काय त्रास, असं एकाने मला विचारलं. त्रास असा. एसी लोकलचे सगळे दरवाजे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. गर्दीच्या वेळी दारात कुणाची बॅग अडकली, कुणी पाय रोवून उभा राहिला, की अर्धा-एक मिनिट तिथंच जातं. असं चार स्टेशनवर झालं की मागची गाडी सिग्नलला उभी. मागची गाडी आपली असली तर ती कल्याणला उशिरा पोचते. आणि कल्याणच्या पुढं खरा खेळ सुरू होतो.

कल्याण ते कसारा ६७ किलोमीटर, आणि रूळ किती? दोनच. एक जायला, एक यायला. ठाण्याच्या अलीकडं-पलीकडं लोकलला स्वतंत्र रूळ आहेत, आपल्याकडं नाहीत. आपली लोकल ज्या रुळावरनं जाते त्याच रुळावरनं पंचवटी जाते, उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्या जातात, मालगाड्या जातात. फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून जालन्याची वंदे भारतही याच रुळावर आली. आपली लोकल वेळेत असेल तोवर तिचा नंबर टिकतो. चार-पाच मिनिटं घसरली की मेल-एक्सप्रेस पुढं काढतात, लोकल बाजूला. पाच मिनिटांचा उशीर इथं येईपर्यंत वीस मिनिटांचा होतो तो असा. टिटवाळा, वासिंदच्या अलीकडं गाडी उगाच थांबली असं आपण म्हणतो. ती उगाच थांबलेली नसते.

यावर उपाय म्हणून तिसरी लाइन मंजूर आहे. कल्याण-कसारा तिसरी लाइन, मूळ खर्च ७९२ कोटी ८९ लाख. मंजुरीला दहा वर्षं कधीच होऊन गेली. कुठं भूसंपादन अडलं, कुठं वनखात्याची परवानगी, कुठं मोबदल्याचा वाद. जमीन देणारा शेतकरी अडून बसतो असं अधिकारी सांगतात. अहो, याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू पण झाला. डोंगर फोडून बोगदे काढले. त्याला जमीन मिळाली, याच शेतकऱ्यांनी दिली. तेव्हा जमीन मिळत नाही हे कारण अर्धंच खरं आहे. ज्या कामाच्या मागं वरून रेटा असतो ते होतं. (भातसा-तानसाचं पाणी मुंबईला वेळेवर पोचतं, त्यात कधी मेगाब्लॉक नसतो. असो.)

आता लगेज डब्याकडं येऊ, कारण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पावसाळ्यात आपल्या पाड्यांवरच्या बाया शेवळी, करटोली, टाकळा, कुड्याच्या शेंगा घेऊन पहाटेच्या गाडीनं कल्याण, ठाण्याला जातात. उन्हाळ्यात काकडी, भेंडी, करवंदं, जांभळं. साध्या लोकलला मालडबा असतो, पाटी तिथं ठेवता येते, बाई तिथंच खाली बसते. सुरुवातीला आलेल्या एसी लोकलना हा डबाच नव्हता. पुढच्या एसी गाड्यांत विक्रेत्यांसाठी वेगळा डबा ठेवायचं रेल्वेनं ठरवलंय, ही चांगली गोष्ट आहे. पण डब्यात चढायचं तर तिकीटही परवडलं पाहिजे. मे २०२२ मध्ये एसी लोकलचं भाडं निम्म्यावर आणलं, पाच किलोमीटरचं किमान भाडं ६५ वरून ३० रुपये केलं. स्वस्त झालं म्हणून पेढे वाटले. साध्या लोकलचं किमान तिकीट ५ रुपये आहे. पाच आणि तीस. करटोलीची पाटी विकून दोन-तीनशे रुपये सुटणाऱ्या बाईला हा फरक शहाणपणा शिकवून समजावता येत नाही. तिची साधी गाडी गेली की तिनं पुढच्या साध्या गाडीची वाट बघायची. तोपर्यंत ठाण्याच्या बाजारात सकाळचं गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. मी स्वतः भेंडी लावतो, माझा माल टेम्पोनं जातो म्हणून निभतं. पाटीवालीला टेम्पो नाही.

एसी लोकल वाईट असं माझं म्हणणं नाही. मुंबईत के.ई.एम.ला, टाटाला पेशंट घेऊन जाणाऱ्याला विचारा, मे महिन्यात बंद दाराच्या थंड गाडीत बसायला मिळालं तर तो हात जोडेल. आणि दारं बंद असली की माणूस खाली पडत नाही. ९ जून २०२५ ची सकाळ आपल्या लाइनवर कुणी विसरलेलं नाही. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूनं गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्या दिवशीच चार जण गेले. त्या गाड्या कसारा आणि कर्जत मार्गाच्या होत्या. टेलचीच माणसं, लांबून आलेली, सगळ्यात जास्त वेळ उभी असलेली.

त्यानंतर रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्याकडून घोषणा झाली की साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे लावणार. आत हवा खेळावी म्हणून दाराला झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रं, एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट, असा आराखडा आहे. हा मार्ग मला जास्त पटतो. भाडं तेच, दार बंद, मालडबा जागेवर. फक्त एक प्रश्न उरतो, आणि तो दिव्यात-मुंब्र्यात उभा राहणाराच विचारेल. दार बंद झाल्यावर जो माणूस बाहेर लटकत होता तो आत मावणार कुठं? डब्याची जागा तेवढीच. तो प्लॅटफॉर्मवर राहील. पुढच्या गाडीलाही राहील.

म्हणून गाडी कोणती यापेक्षा जागा किती वाढली हे बघायला पाहिजे. मध्य रेल्वेवर १५ डब्यांची लोकल २०१२ पासून धावते, पण फेऱ्या मोजक्याच. बाकी सगळ्या १२ डब्यांच्या. तीन डबे वाढवले की एका गाडीत पाव हिस्सा माणसं जास्त बसतात, आणि त्याला नवी पाळी लागत नाही, कुणाची गाडी कापावी लागत नाही. लागतो तो लांब प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म वाढवायचं काम मध्य रेल्वेनं हातात घेतलंय. ते ठाणे-कल्याणपुरतं न राहता कसाऱ्यापर्यंतच्या स्टेशनांवर पूर्ण व्हावं, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा करायला हवा. एसी गाडीला झेंडा दाखवायला सगळे येतात. प्लॅटफॉर्म ५० मीटरनं वाढला याला कुणी झेंडा दाखवत नाही, तिथं गर्दीत फोटोही चांगला येत नाही.

काम करायचं म्हटलं की गैरसोय होणार, हेही मान्य करायला हवं. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्याचा पाच-सहा नंबर प्लॅटफॉर्म रुंद करायला आणि सीएसएमटीचे दहा-अकरा नंबर लांब करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला, ९३० लोकल रद्द केल्या. तीन दिवस हाल झाले. पण ठाण्याला आज उतरायला जरा जागा आहे. अशा ब्लॉकला विरोध करण्यात अर्थ नाही. कायमच्या वेळापत्रकात जे गुपचूप बदलतं त्यावर लक्ष ठेवायला पाहिजे. ५ ऑक्टोबर २०२४ च्या वेळापत्रकात काही लोकल सीएसएमटीऐवजी दादरहून सुटायला लागल्या आणि रात्रीची शेवटची कसारा गाडी काही मिनिटं अलीकडं आली. काही मिनिटंच. पण हॉटेलात भांडी घासून बारा वाजता सुटणाऱ्या आपल्या पोरानं ती काही मिनिटं गमावली की त्याची रात्र कल्याण स्टेशनच्या बाकड्यावर जाते.

आणि बोललं तर ऐकतात, याचा दाखलाही आहे. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेनं साध्या गाड्यांच्या जागी १० एसी फेऱ्या सुरू केल्या होत्या. कळव्यात प्रवासी रुळावर उतरले, दोन-तीन दिवसांनी बदलापूरला तसंच झालं. २५ ऑगस्टपासून त्या दहाच्या दहा फेऱ्या परत साध्या झाल्या. आठवडाभरसुद्धा लागला नाही. रुळावर उतरणं हा गुन्हा आहे, त्याचा सल्ला मी देणार नाही. पण कळवा आणि बदलापूरकरांचा आवाज एवढा लवकर पोचला याचं कारण ते संख्येनं जास्त आहेत आणि तिथं थांबलेली एक गाडी मागच्या पन्नास गाड्या थांबवते. खर्डीत तसं होत नाही. आपली ताकद कागदात आहे.

पुढचे आकडे तर मोठे आहेत. एमयूटीपी ३ आणि ३ अ मध्ये मिळून २३८ एसी गाड्या घ्यायच्या आहेत. नुसत्या ३ अ प्रकल्पाला मार्च २०१९ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली तेव्हा खर्च ३३ हजार ६९० कोटी सांगितला होता. एवढ्या गाड्या आल्या की साध्या लोकल टप्प्याटप्प्यानं कमी होणार. सेकंड क्लासचं भाडं न वाढवता एसी गाड्या द्यायच्या, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बोलले आहेत. तसं झालं तर पाच आणि तीसचा प्रश्नच मिटला. पण ते तिकिटाच्या दरपत्रकात छापून येईपर्यंत त्यावर पास काढता येत नाही.

तोपर्यंत प्रत्येकानं एक काम करावं. आपल्या स्टेशनवर लागलेल्या आजच्या वेळापत्रकाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. नवीन वेळापत्रक लागलं की पहाटे चार ते नऊ आणि रात्री नऊनंतरच्या गाड्या समोरासमोर ठेवून मोजा. किती साध्या राहिल्या, कुठली गाडी कल्याणलाच संपायला लागली, शेवटची कितीला सुटते. फरक दिसला तर दोन्ही फोटो जोडून मुंबई विभागाच्या डीआरएमच्या नावानं अर्ज स्टेशन मास्तरकडं द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव जोडता आला तर उत्तम. अर्जात पाटीवाल्या बायांचा आणि लगेज डब्याचा मुद्दा वेगळा लिहा, कारण पासधारकांच्या संघटनांच्या निवेदनात तो बऱ्याचदा राहून जातो.