ओट्यापलीकडे: लाल ठिपक्याचा अभ्यास

मंडळी, गेल्या वर्षी या सदरात मी ओव्हनमधल्या चकल्यांची फजिती लिहिली होती. यंदाचा विषय वाचून काही काकू चष्मा पुसून पुन्हा वाचतील. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी मी नेमबाजीच्या स्पर्धेत उतरते आहे. आयुष्यातली पहिलीच.

लहानपणी दिवाळीत दादाला टिकल्यांचं पिस्तूल मिळायचं आणि मला फुलबाज्या. तेव्हाचं उट्टं काढायला हे चाललंय असं आमच्या घरी म्हणतात. खरं कारण साधं आहे. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने आम्हाला रेंजवर नेलं. मी मागे पर्स सांभाळत उभी होते. दहा मिनिटांनी म्हटलं, मलाही द्या. टेक्सासमध्ये येऊन नऊ वर्षं झाली. ग्रीन कार्ड येईपर्यंत माझ्या व्हिसाचं नावच ‘डिपेंडंट’ होतं. त्याआधी कोल्हापुरात आठवी-नववीला मराठी शिकवत होते आणि सगळा वर्ग मला बाई म्हणायचा. इथे मी कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी आई. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी मला काहीतरी येत नव्हतं आणि ते शिकावंसं वाटलं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, आपल्या राही सरनोबतसारखं?” नाही गं आई. राहीने 2018 च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण मिळवलं ते 25 मीटर पिस्तूलमध्ये, आणि त्या प्रकारात भिंगाची किंवा लाल ठिपक्याची मदत चालत नाही. माझ्या खेळाचं नाव स्टील चॅलेंज. समोर पाच पोलादी प्लेट असतात. टायमरचा बीप वाजला की चार प्लेट हव्या त्या क्रमाने टिपायच्या आणि पाचवी, म्हणजे स्टॉप प्लेट, सगळ्यात शेवटी. असं बहुतेक स्टेजवर पाच वेळा करायचं. त्यातली सर्वांत वाईट वेळ सोडून देतात आणि उरलेल्या चारांची बेरीज धरतात. एक प्लेट चुकली की तीन सेकंदांचा दंड. स्मोक अँड होप नावाच्या स्टेजवर चार मोठ्या आयताकृती प्लेट आणि मधे एक लहान गोल स्टॉप प्लेट असते. दिसायला सगळ्यात सोपी, म्हणून घाई होते आणि नेमकी ती गोलच हुकते. पहिलीच ओळ सोपी बघून पेपर भराभर सोडवणाऱ्या मुलांची फार आठवण येते.

माझं पिस्तूल पॉइंट टू-टू कॅलिबरचं आहे. धक्का कमी, गोळी स्वस्त. या गटात कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं नसतं, समोरच्या खुणेकडे रोखून सुरुवात करायची असते. नवख्या माणसाला हे बरं. त्यावर बसवलेली काच म्हणजे रेड डॉट. आईला वाटलं, सिनेमातल्यासारखा लाल किरण समोर जाऊन पडतो. तसं नाही. आतल्या छोट्या दिव्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि ते फक्त नेम धरणाऱ्यालाच दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, नजर प्लेटवर ठेवायची आणि ठिपका आपोआप तिथे येऊ द्यायचा.

आपोआप! पहिला महिनाभर तो ठिपका मला सापडतच नव्हता. पिस्तूल वर केलं की काच रिकामी, आणि मी मान वाकडी करून त्याला शोधतेय. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, डोकं पिस्तुलाकडे नेऊ नकोस, पिस्तूल डोळ्यासमोर आण. ठिपका हरवला तर बहुतेक वेळा नळीचं तोंड वर गेलेलं असतं. बरं, सापडला तर तो गोल नव्हता, ठिपक्यांच्या रांगोळीत कुणी फुंकर घातल्यासारखा पसरट. काच खराब निघाली म्हणून परत करायला निघाले होते. बाईंनी फोनच्या कॅमेऱ्यातून बघायला सांगितलं. फोनमध्ये ठिपका छान गोल! दोष काचेत नव्हता, माझ्या डोळ्यांत होता. अ‍ॅस्टिग्मॅटिझम. चष्म्याचा नंबर नव्याने काढला, ठिपक्याचा उजेड थोडा कमी केला, आणि काम झालं.

आता रोज रात्री लेक झोपली की गॅरेजमध्ये पंधरा मिनिटं सराव करते. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासायचं. विटांच्या भिंतीवर पाच कागदी वर्तुळं चिकटवली आहेत. फोनचा बीप, पिस्तूल वर, ठिपका वर्तुळावर. शंभर वेळा. आठवीच्या मुलांना शुद्धलेखनाच्या दहा-दहा ओळी लिहायला लावल्या त्याचं हे फळ असावं.

पण तयारीतला सगळ्यात मोठा धडा नेम धरण्याचा नव्हताच. ऑगस्टमध्ये सरावाला एक गोळी उडाली नाही. नुसतं ‘खट्’. आता काय, म्हणून मी बाईंना विचारायला वळले आणि हातातलं पिस्तूल माझ्याबरोबर वळलं. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि नळी पुन्हा समोर केली. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “मॅचमध्ये आत्ता तुझा दिवस संपला असता. आणि तो तुझ्या नशिबाने संपला असता.” शेजारच्या जागेवर एक कॉलेजातला मुलगा उभा होता. परतताना मी दहा मिनिटं गाडीत नुसती बसून राहिले. वर्गात शंका आली की हात वर करायचा, हे मी सहा वर्षं शिकवलं. इथे शंका आली की हात जिथे आहे तिथेच ठेवायचा, आणि मग तोंडाने विचारायचं.

त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल झालं. दिवे बंद, मुलं कोपऱ्यात, आवाज नाही. रात्री तिने विचारलं, “आई, तुझ्या पिस्तुलानेपण माणूस मरतो?” खेळाचं पिस्तूल वेगळं असतं, असं सांगणं सोपं होतं. मी सांगितलं, हो, मरतो. म्हणून ते तिजोरीत असतं आणि आकडे फक्त बाबाला आणि मला माहीत आहेत. कुणाच्याही घरी बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. तिने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

गणपतीच्या सजावटीच्या वेळी मंडळातल्या एका मैत्रिणीने बाजूला घेऊन विचारलं, “राग मानू नकोस, पण तुमच्याकडे बंदूक असताना मुलीला खेळायला कशी पाठवू?” क्षणभर राग आला, खोटं कशाला बोलू. मग ऑगस्टमधलं ते वळणं आठवलं. तिचा प्रश्न बरोबर होता. इथे मूल कुणाकडेही पाठवताना प्रत्येकाने तो विचारायला हवा, आणि मीही आता विचारते. तिला घरी नेऊन तिजोरी दाखवली, गोळ्यांचं वेगळं कुलूप दाखवलं. तिने सगळं नीट पाहिलं. तिची मुलगी अजून आमच्याकडे आलेली नाही. आमची त्यांच्याकडे जाते. मी वाट बघेन.

तर बॅग भरून तयार आहे. पाच मॅगझिन, कानावरचे मफ, सेफ्टी चष्मा, चेंबरमध्ये घालायचं पिवळं निशाण, ठिपक्यासाठी जादा बॅटरी, टोपी, पाणी. सहा स्टेज, प्रत्येकी पंचवीस गोळ्या, म्हणजे 150. हे एकही चुकली नाही तर! म्हणून 300 घेतल्या आहेत. डबाभर डिंकाचे लाडू आहेत, पण गोळ्यांतलं शिसं हाताला लागतं, तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय लाडवाला शिवायचं नाही. हा नियम बाईंचा, पण आमच्या आजीलाही पटला असता.

वहीत ध्येय लिहून ठेवलंय: नळी समोर, बोट बाहेर, बाद न होता घरी. वेळ कितीही लागो. यादीत शेवटची आले तरी चालेल, त्या यादीत नाव माझं एकटीचं असेल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. फराळाला या, सांगते.