चार बाटल्या आणि एक चिंचेचा गोळा

ईस्ट कोस्ट पार्कात बार्बेक्यू ठरला की मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी फिरू लागते. कोळसा कोण आणणार, चिकनला मसाला कोण लावून ठेवणार, पनीर आणि मक्याची कणसं कोणाकडे, कोशिंबीर कोणाची. प्रत्येक पदार्थापुढे एका घराचं नाव असतं. एकाच ओळीपुढे नाव नसतं, आकडा असतो: 'बार्बेक्यू सॉस – ४ बाटल्या'. माझं भांडण या ओळीशी आहे.

आधी हा सॉस म्हणजे काय ते पाहू. आंबट, गोड, खारट, तिखट आणि जोडीला धूर. यातला धूर सोडला तर उरलेलं सगळं चिंचगुळाच्या आमटीत असतं. आमटी उकळताना नुसत्या वासावरून 'गूळ कमी पडलाय' असं सांगणारी माणसं आपल्या घरात आहेत. पंचामृत, मेथांबा, भेळेची चटणी ही आंबटगोडाची सगळी गणितं आपण तोंडी सोडवतो. आणि याच आंबटगोडासाठी आपण दुकानात जातो, बाटली उचलतो आणि त्यात काय आहे हे न वाचता ती रिकामी करतो. ज्याला ही चव माहीतच नाही त्याने बाटली घेतली तर समजू शकतं. आपल्याला ती सबब नाही.

'पण मूळ अमेरिकन चव घरी कशी येणार?' हा पहिला आक्षेप. कुठली मूळ चव? अमेरिकेतच एक बार्बेक्यू सॉस नाही. कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि काकवीचा, दाट आणि गोड. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. अलाबामात तर मेयोनेज घातलेला पांढरा. जगभरच्या सुपरमार्केटात पोचला तो मुख्यतः पहिला प्रकार, आणि त्यालाच आपण 'मूळ' म्हणतो. तिथले लोक गावागणिक आपापली चव धरून बसलेत. बेडोकने का धरू नये?

मुळाशी जायचंच असेल तर नीट जाऊ. या सॉसचा पाया बहुतेकदा केचप. केचप हा शब्द होक्कियन बोलीतल्या मासळीच्या खारट सॉसच्या नावावरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. होक्कियन म्हणजे आपल्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांची बोली. मलय भाषेत आजही सोया सॉसला 'किचाप' म्हणतात. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो सॉस या बाजूच्या समुद्रावरून घरी नेला, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात त्यात टोमॅटो शिरला, पुढे साखर वाढली. आता तोच बाटलीत बसून इथे परत आलाय.

दुसरं उदाहरण वूस्टरशर सॉसचं. अनेक बार्बेक्यू सॉसमध्ये तो असतो. त्याला आंबटपणा येतो त्यातला एक घटक म्हणजे चिंच. आपलीच चिंच! शिवाय पारंपरिक वूस्टरशरमध्ये अँचोवी, म्हणजे मासळीही असते. शाकाहारी मंडळी पनीरवर निर्धास्तपणे जो सॉस फासतात, त्याच्या बाटलीमागची यादी एकदा वाचाच. स्वतः केलेल्या सॉसची यादी वाचावी लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. ते म्हणतात, 'बार्बेक्यू आपला नाहीच, मग त्याचा सॉस घरी करण्याचा खटाटोप कशाला?' यांना विचारावं, मिरची कुणाची? टोमॅटो कुणाचा? दोन्ही अमेरिका खंडातून आले. चिंचेचं झाडसुद्धा मुळात आफ्रिकेतलं. आपल्या आज्या-पणज्यांनी मिरची हातात आल्यावर 'ही आपली नाही' म्हणून ती तयार चटणीच्या रूपात विकत आणली नाही. तिचा ठेचा केला. बाहेरून आलेल्या वस्तूला आपल्या हाताची चव लावणं, हीच तर आपल्या स्वयंपाकाची रीत.

आरोग्याचा मुद्दा काढावाच लागेल, पण प्रामाणिकपणे. बाजारातल्या अनेक गोड बार्बेक्यू सॉसच्या दोन मोठ्या चमच्यांत १२ ते १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्यात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, शक्यतो २५ च्या. सिंगापूरमध्ये भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण जास्त आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. बबल टीच्या मेनूवरचं न्यूट्री-ग्रेडचं अक्षर पाहून नाक मुरडणारे आपण, कणसावर तीच साखर ब्रशने फासतो.

पण म्हणून 'गूळ घातला की आरोग्यदायी' हेही मला मान्य नाही. गूळ ही साखरच आहे. घरच्या सॉसचा फायदा एवढाच, की चमचा आपल्या हातात असतो. बाटलीतली साखर काढता येत नाही, घरातला गूळ कमी घालता येतो.

'वेळ कुणाला आहे?' हा शेवटचा आणि सगळ्यात लोकप्रिय आक्षेप. हिशोब करू. चाळीस ग्रॅम चिंच एक कप गरम पाण्यात २० मिनिटं भिजवायची आणि कोळ काढायचा. चिंच इथे 'आसाम जावा' नावाने मिळते. दोन चमचे तेलात एक कांदा बारीक चिरून तांबूस परतायचा, त्यात सहा लसूण पाकळ्या आणि पेरभर आलं वाटून घालायचं. मग अर्धा किलो टोमॅटोची प्युरी, कोळ, ७० ग्रॅम गूळ, दोन चहाचे चमचे ब्याडगीचं तिखट, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी मिरपूड, चवीपुरतं मीठ. मंद आचेवर २५-३० मिनिटं, चमच्याला चिकटेपर्यंत आटवायचं आणि मिक्सरमधून काढायचं. उतरवल्यावर अर्धा चमचा फेसलेली मोहरी. साधारण ४०० ग्रॅम सॉस होतो. दोन मोठ्या चमच्यांत सुमारे ६ ग्रॅम गूळ जातो. चिंच-टोमॅटोची अंगची साखर वेगळी. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. तुमचं हाताचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, उरलेलं गॅसचं. एवढा वेळ तर यादीवर अंगठे उमटवण्यात जातो.

गुळाऐवजी गुला मेलाका वापरला तर आणखी मजा. तो माडाच्या रसाचा, म्हणजे गोव्यातल्या माडाच्या गुळाचा सख्खा चुलतभाऊ. घरच्या ओव्हनमध्ये भाजत असाल तर निखाऱ्यावर तूप सोडून सॉसला झाकणाखाली धुंगार द्या. पार्कात कोळसा असतोच, तिथे एकच पथ्य: सॉस शेवटच्या पाच-सात मिनिटांत लावा. आधी लावलात तर आतलं शिजायच्या आत गूळ जळून कडू होईल.

'मुलं खाणार नाहीत' असं म्हणू नका. बेडोकमध्ये वाढणारी मुलं चिंचेला परकी नाहीत. रोजाकच्या काळ्या सॉसमध्ये चिंच असते, आसाम लाक्साच्या नावातच ती आहे, साम्बाल लावलेल्या स्टिंगरेलाही पुष्कळदा तिचाच आंबटपणा असतो. ब्लॉक ८५ च्या फेंगशान सेंटरमध्ये कोळशावर भाजलेल्या चिकन विंग्जसाठी रांगेत उभी राहणारी ही मुलं चवीला पक्की आहेत. बाटलीची सवय आहे ती आपल्याला.

खरं दुखणं इथेच आहे. परदेशात आपण मराठी स्वयंपाकाचे दोन भाग केलेत. गणपतीला उकडीचे मोदक, पाडव्याला श्रीखंड, दिवाळीला चकली: हा 'आपला' भाग, काचेच्या कपाटातला. उरलेल्या दिवसांचा भाग पाकिटांचा आणि बाटल्यांचा. कपाटातली वस्तू वर्षातून एकदा पुसली की चकाकते, पण ती वापरात नसते. भाषेचंही असंच होतं. फक्त आरतीपुरती उरलेली मराठी पुढच्या पिढीकडे जात नाही. भांडताना, खेळताना, कोळसा पेटत नाही म्हणून वैतागताना जी तोंडात येते तीच जाते. चवही सणापुरती ठेवून टिकत नाही. मोदक शिकलेली मुलगी वर्षातून एकदा मोदक करील. आंबटात गोड किती घालायचं हे शिकलेली मुलगी जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात उभी राहील.

आणि हे पुस्तकातून शिकता येत नाही. वर मी ७० ग्रॅम लिहिलं खरं, पण तुमची चिंच जुनी असेल, टोमॅटो गोड असतील, तर तो आकडा चुकेल. तिथे जीभच लागते. ती बाटलीने तयार होत नाही, कारण बाटली दर वेळी सारखीच लागते आणि कधी काही विचारत नाही.

तेव्हा पुढच्या बार्बेक्यूला सॉसच्या ओळीपुढे आपलं नाव लिहा. आदल्या संध्याकाळी सॉस आटत आला की मुलांना ओट्यापाशी बोलवा. चमचाभर थंड करून त्यांच्या हातात द्या आणि एवढंच विचारा, 'काय कमी आहे?' उत्तर येईपर्यंत गॅस बंद करू नका.